पडद्यामागचं पान

उखर्डू पाटलाच्या मुलीच्या लग्नात एकशे बेचाळीस भरली पानं उकिरड्यावर गेली. पानं मी स्वतः मोजली आहेत, तेव्हा आकड्यात चूक निघायची नाही. निघाली तर माणसांत निघेल, आणि ती कुणाकुणात निघाली तेच सांगायला बसलो आहे.

मी दोंडाईच्याला एका अडतीवर मुनीम. कापसाची गाडी नुसती डोळ्यांनी पाहून किती भरेल ते सांगतो, म्हणून आसपासच्या खेड्यांत लग्न निघालं की पंगतीचं काम माझ्याकडे येतं. किती माणसं बसतील, किती मांडे लागतील, कोण दोनवर उठेल आणि कोण पाच खाऊन सहावा 'नको, नको' म्हणत घेईल, हे मला पाहुण्याच्या चालीवरून कळतं. या कामाचं मला पहिल्या पंगतीत पान मिळतं, आणि बिंगं तर सगळ्याच पंगतींतली मिळतात.

साल एकोणीसशे एकोणतीस, महिना वैशाख. उखर्डू पाटलाचं गाव स्टेशनापासून दोन कोसांवर. शेती भरपूर, गावाबाहेर स्वतःचं कापसाचं छोटंसं जिन, मिशा पिळदार. नाव तेवढं त्यांना टोचायचं. त्यांच्या आईची आधीची चार मुलं पाळण्यातच गेली होती. पाचवं जगावं म्हणून शिरस्त्याप्रमाणे तान्ह्याला उकिरड्यावर ठेवलं, भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या, एका बाईनं ते उचललं आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतलं. पोर आपल्या घरचं नाही, असं मरणाला वाटावं म्हणून. मरण फसलं. आमच्याकडे असे उखर्डू गावोगावी आहेत, त्यात लाजायचं काही नाही. पण कोणत्या बाईनं उचललं होतं, हे या उखर्डूच्या घरात कुणी बोलायचं नाही. सगळे त्यांना 'आबा' म्हणत. नाव कागदावर राहिलं.

लग्नाच्या आठ दिवस आधी बायका नवरीला घेऊन वाजतगाजत विहिरीवर पाणी भरायला गेल्या. नवरीचं नाव कुंदा. पोर वाकली, गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेचा फासा सुटला आणि माळ गेली खाली. साधी माळ नव्हे. साखरपुड्याला सासरहून आलेली. वैशाखातली विहीर, तळाला दोन पुरुष पाणी, त्याखाली गुडघाभर गाळ.

आबा धावत आले. भाऊबंद काठावर ओणवे झाले आणि 'तिकडे असेल, नाही, इकडे असेल' असं बोटांनी दाखवू लागले. बोटं कोरडीच राहिली. शेवटी भिलाटीतून सुकाला बोलावलं. काळा, शेलाटा, पस्तिशीचा गडी. त्यानं तीन बुड्या मारल्या. पहिलीत गाळ आला, दुसरीत कुणाची तरी फुटकी घागर आली. तिसरीला तो इतका वेळ खाली राहिला की बायकांनी पदर तोंडाशी नेले. मग वर आला. चढायला दोन्ही हात पाहिजेत, म्हणून माळ त्यानं दातांत धरली होती.

भिलाच्या तोंडातली माळ आबांनी झटकन हातात घेतली, कपाळाला लावली. सोन्याला उष्टं लागत नाही, हे तिथल्या तिथे एकमतानं ठरलं.

"माग, सुका!" आबांचा ऊर भरून आला होता. "मांगशी ते देसू. बठ्ठा गावना समोर सांगस!"

त्यांच्या मनात धोतरजोडी असावी. फार तर ज्वारीचं पोतं. सुकानं डोळ्यांतलं पाणी निपटलं आणि काठापासून दूर उभ्या असलेल्या आपल्या आईकडे पाहिलं. जमना तिचं नाव. सत्तरीची डोकरी, वाळलेल्या तुरीच्या काडीसारखी.

"आबा, मना मायले एक मांडा द्या," सुका म्हणाला. "अख्खा. खापरवरना. पहिली पंगतमा, तुमना शेजारे बसाडीसन."

"इतलंच?" आबा मोठ्यानं हसले. "दिन्हा!"

मांडा हे आमच्याकडचं लग्नाचं पक्वान्न. पुरण भरलेली गव्हाची पोळी हातांवर फेकत फेकत खांद्यावरच्या रुमालाएवढी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मोठ्या खापरावर भाजायची. गावात लग्न झालं की भिलाटीचाही त्यावर हक्क असे. पण तो पंगत उठल्यावर. पत्रावळी उकिरड्यावर पडल्या की टोपल्या घेऊन यायचं, पानांतलं निवडून न्यायचं, आणि त्याच फेरीत उकिरडाही लोटून साफ करायचा. म्हणजे जमनानं सत्तर वर्षांत मांडा पुष्कळ खाल्ला होता. रसात भिजलेला, फाटलेला, कडेला कुणाच्या तरी दातांची महिरप असलेला. अख्खा मांडा तिनं पाहिला होता तो लांबून, वाढप्याच्या हातावर.

आबांना आधी फक्त मांडा ऐकू आला. 'तुमना शेजारे' हे शब्द त्यांच्या कानांत शिरले दिवेलागणीला, आणि त्यानंतर त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मांड्यांचा अंदाज सांगायला गेलो, तर त्यांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात ओढलं.

"मुनीमभाऊ, तुम्ही हिशेबी माणूस. यातून वाट काढा."

"वाट कसली? एक मांडा जास्त धरायचा."

"मांड्याचं नाही हो! शेजारी बसायचं म्हणते ती. जळगावाकडचं वऱ्हाड येतंय. व्याही काय म्हणतील?"

"शब्द तुम्ही गावासमोर दिलाय आबा."

"म्हणून तर तुम्हाला विचारतो. एकांतात दिला असता, तर माझा मी बघून घेतला असता."

त्यांनी सुकाला निरोप धाडला, की पाच मांडे तुपासकट घरपोच देतो. सुकाचा उलट निरोप आला: माय म्हणते, पाच नको, एकच पाहिजे, आणि पंगतीत. मी सारा जन्म घासाघीस करण्यात घालवला आहे. पाचाच्या बदल्यात एक मागणाऱ्या माणसाशी व्यवहार कसा करायचा, हे मलाही ठाऊक नव्हतं.

ठरल्या दिवशी गाडीतून वऱ्हाड उतरलं. व्याही हिलाल नाना असोद्याचे. केळीचे मळे, जळगावात घर, अंगात रेशमी सदरा आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहण्याची सवय. त्यांनी येताना एक नवलाई आणली होती: झुलाल नावाचा सिनेमावाला आणि त्याचं यंत्र. गावानं चालतं चित्र कधी पाहिलं नव्हतं. जेवणाआधी दुपारी जिनात खेळ ठरला. हंगाम संपला होता, सरकी काढायचे चरखे झाकलेले होते. खिडक्यांना पोती ठोकली, जिनाच्या इंजिनावर दिवा लावला, मधोमध पांढरा पडदा ताणला. आत सरकीचा कुबट वास, वर पत्रा, बाहेर वैशाख. दीडशे माणसं त्यात कोंबल्यावर काय दरवळ सुटला असेल तो समजून घ्या. हिलाल नानांनी अत्तराचा फाया नाकाशी धरला आणि यजमानांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू हा वास त्यांनीच हुंड्यात देऊ केला आहे.

पडद्याच्या पुढे पाटील, पाहुणे, गाव. मागच्या बाजूला भिलाटी. झुलालनं पडद्यावर पाणी शिंपडायला लावलं. कापड ओलं असलं की चित्र मागूनही दिसतं, फक्त उजवं डावीकडे जातं. पाणी विहिरीवरून सुकानंच आणलं. मागे सगळ्यांत पुढे जमना बसली होती. नाहून, केसांना तेल लावून, लुगडं धुऊन. ती सिनेमाला नव्हे, जेवायला आली होती.

झुलालनं आधी आगगाडी दाखवली, मग हत्ती. मग म्हणाला, "आते देखा विलायतनी मजा. हाई चित्र हातवरी काढेल शे, आनि चालस!"

आणि खरंच, शाईनं काढलेली माणसं चालायला लागली. मुकं चित्र; अक्षरं येत ती परदेशी. अर्थ झुलाल आपल्या पदरचा घालत होता, आमच्या बोलीत. एक राजकन्या विहिरीपाशी सोन्याचा चेंडू खेळते. चेंडू विहिरीत पडतो. ती रडते, तर तिच्या डोळ्यांतून बादल्या भरभरून पाणी.

"ती रडस," झुलाल यंत्राचा दांडा फिरवत ओरडला, "आनि बेडूक वर उना! म्हने, चेंडू काढी देस, पन तुना ताटमा जेवसू!"

बायकांत कुजबुज झाली. कुंदाची मामी खुदकन हसली आणि पदरात तोंड खुपसलं. झुलालला गावातली गोष्ट ठाऊक होती की नव्हती, कोण जाणे. यंत्राची पेटी स्टेशनावरून सुकाच्याच डोक्यावर आली होती, एवढं मला ठाऊक आहे.

बेडकानं चेंडू काढला. तोंडात धरून. राजकन्या चेंडू घेऊन पळाली. मग राजवाड्यात जेवणाची वेळ, आणि दारावर थाप. बेडूक आत आला तो टोपी काढून, सगळ्यांना वाकून नमस्कार करत. प्रत्येक उडीला गालिच्यावर चिखलाचा गोळा. टेबलावर चढला, दोन्ही पाय रश्श्याच्या वाटीत बुडवले, बोटं एकेक करून चाटली आणि जिभेनं राजकन्येच्या ताटातला घास ओढून घेतला. तिनं नाक धरलं, तिचा चेहरा लांब होत होत कमरेपर्यंत आला.

"ईऽऽ!" हिलाल नाना मागे सरले. "अहो, आमचं जेवण व्हायचंय अजून!"

सगळं जिन शहारत होतं, थुंकत होतं, हसत होतं. मग पडद्यावरचा राजा उठला. रागानं त्याचा मुकुट डोक्यावर नाचत होता. त्यानं मुलीपुढे बोट नाचवलं.

"राजा म्हने, पोरी, सबद दिन्हा ना तू? मंग बसाड त्याले ताटवर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि सांगताना मलाच ओशाळायला होतं, पण सगळ्यांत मोठी टाळी आबांची होती. ते उठून उभेच राहिले. "वा! राजा असावा तर असा! सबद म्हणजे सबद! पोटची पोर असो नाहीतर कोणी असो!"

माणूस आरशात स्वतःला ओळखतो, पडद्यावर ओळखत नाही. हा फरक मी त्या दिवशी पदरात पाडून घेतला.

टाळ्या विरत होत्या तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"मंग आबा, मना मांडा?"

झुलालचा हात दांड्यावरच थांबला. दिव्यापुढे चित्र थांबवलं तर ते जळतं, हे त्याला माहीत होतं, पण तोही माणूसच. ताटात बसलेल्या बेडकाच्या पोटावर एक तपकिरी ठिपका आला, मोठा झाला, काळा पडला, आणि बेडूक, ताट, राजकन्या सगळं फुगे येत पडद्यावरून नाहीसं झालं. धूर निघाला. सरकीच्या कोठारात जाळ! झुलालनं ओलं पोतं टाकून विझवलं म्हणून वऱ्हाड वाचलं.

पोती काढली, उजेड आला. सगळे आबांकडे पाहत होते आणि पाहत नसल्यासारखं करत होते.

"मंग पुढे काय व्हयनं?" पडद्यामागून जमनानंच झुलालला विचारलं.

"पुढे काय, आजी, राजकन्यानी त्याले भितवर फेका, आनि बेडूकना व्हयना राजपुत्र. दोन्हीसनं लगीन."

डोकरीचं समाधान झालं नाही. "आनि बेडूकच ऱ्हायता ते?"

झुलालकडे तेवढा भाग नव्हता.

आबांनी सगळं हसण्यावारी नेत व्याह्यांना विहिरीची गोष्ट सांगितली. सांगताना सुकाच्या तीन बुड्यांची एक झाली, आणि आपल्या उदारपणाचे तीन प्रसंग झाले. हिलाल नाना ऐकत होते. मग त्यांनी आबांना आणि मला चरख्यामागे बोलावलं.

"भिलीण आमच्या पंगतीला? व्याही, सांगा तसं. आम्ही उपाशी परत जातो."

"पण नाना, आत्ताच मी सगळ्यांसमोर..."

"शब्द मोडा असं मी कुठे म्हणतो?" नाना गालात हसले. ते हसू मला अजून आठवतं. भाजी घेताना माणूस बोट दाबून भोपळा किडका आहे की नाही ते बघतो, तसं ते हसू होतं. "शेजारी म्हणजे किती हात, हे ठरलंय?"

"नाही."

"मग एकाच ओळीत बसवा. मध्ये हा पडदा लावा. तशीही ती पडद्यामागेच बसली होती. मांडा अख्खा ठरलाय ना? अख्खाच द्या. फक्त खापरावरून निघाला की आधी माझ्या पानावर ठेवा. मी नखाएवढा मोडतो. झालं उष्टं. उष्टं तर त्या लोकांना आपण नेहमीच देतो. तुमचा शब्दही राहिला, आमची पंगतही राहिली."

आबांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी रंग आला. "वा, नाना! जळगावची हवाच वेगळी." मग माझ्याकडे वळले. "मुनीमभाऊ, मांडा तुम्हीच न्या. वाढप्याच्या तोंडाचा भरवसा नाही."

माझ्या तोंडाचा होता. हे प्रशस्तीपत्र मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

पहिली पंगत बसली. मांडवाखाली एकशे बेचाळीस पानं, आंब्याचा रस, दूध, तूप, कटाची आमटी. ओळीच्या टोकाला आबा, त्यांच्या पलीकडे दोन बांबूंवर तो पडदा, अजून दमट. पडद्यापलीकडे एक पान. मी चुलीपाशी गेलो. मांडे करायला नावाजलेली भिकुबाई होती. घामानं थबथबलेली, कोपरापर्यंत कणीक. तिला कारस्थान ठाऊक नव्हतं. तिनं एक गोळा घेतला, हातांवर फेकला, पुन्हा फेकला, इतका की मांड्याच्या आरपार चुलीचा जाळ दिसायला लागला. खापरावर टाकला. एक डागसुद्धा पडू दिला नाही.

"हाऊ जमनामायना," ती म्हणाली. "चाळीस वरीस मांडा करस, असा व्हयना नही. मोडू नको, मुनीमभाऊ. दोन्ही हातवर ली जाय."

दोन्ही हातांवर नेला. हिलाल नानांच्या पानावर ठेवला. त्यांची बोटं रसात होती. त्यांनी कडेचा नखाएवढा तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि अंगठा मांड्यावरच पुसला. "घ्या. झाला."

शेजारचे चार-पाच जण खिदळले. आबाही हसले. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. पण माझं पान त्याच ओळीत मांडलेलं होतं, आणि वाटीतला रस नुकताच वाढलेला, वर तुपाची चकती. मी त्या वाटीकडे पाहिलं आणि पडद्यामागे गेलो. लोकांना लालूच दाखवावी लागते. मला माझीच वाटी पुरली.

जमना पानापुढे ताठ बसली होती. सुका मागे उभा. तिनं दोन्ही हात पुढे केले, मी त्यावर मांडा ठेवला. ती हसली. तोंडात तीन दात होते, तिन्ही दिसले. मांडा तिच्या हातांच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होता. तिनं तो उजेडाकडे धरला, लहान पोरं नवं कापड धरून बघतात तसा. आणि हसू थांबलं.

"मुनीमभाऊ, हाऊ बोट कोना?"

"खापरावरचाच आहे, आजी. भिकुबाईनं तुझ्यासाठी..."

"खापरवरनाच शे. माले समजस. बोट कोना?"

सत्तर वर्षं ज्यांचं उष्टं खाल्लं, त्यांची बोटं ओळखायला चष्मा लागत नाही.

ती उठली. मांडा तसाच दोन्ही हातांवर. सुका पुढे झाला, तर तिनं मानेनंच त्याला थांबवलं. पडदा बाजूला करायला हात मोकळे नव्हते. ती सरळ त्यातून चालत आली. बांबू कलंडले, पडदा खाली आला. ती आबांच्या पानासमोर उभी राहिली. पंगतीचे घास हातांत राहिले.

"उखर्डू," ती म्हणाली. पन्नास वर्षांत त्यांना गावात कुणी तोंडावर या नावानं हाक मारली नव्हती. "तू चार दिनना व्हता. तुनी मायनी तुले उकिरडावर ठेवा. मी उचला."

"ए डोकरी!" आबा ओरडले.

"मना तोंडमातला गूळ तुना तोंडमा घाला. मरनले वाटाले पाहिजे, हाऊ भिलना पोऱ्या शे. तुना पहिला घास मनं उष्टं व्हतं, बाबा. त्यावर तू जगना. मी पन्नास वरीस कोनले बोलनू नही." ती वाकली आणि मांडा अलगद त्यांच्या पानावर ठेवला, कुठेही न मुडपता. "हाई तुमनं उष्टं माले जिरत नही. तुनं तुले."

आणि ती गेली. सुकाही गेला.

मग हिलाल नाना पानावरून उठले, धोतर सावरत, जणू पानाखाली विंचू निघाला होता. एक उठला की पंगत उठते. शिवलेल्या पंगतीत कोण जेवणार? एकशे बेचाळीस माणसं भरल्या पानांवरून उठली. माझीही वाटी तशीच राहिली, रसाची. ते ठीक झालं.

"डोकरी येडी शे!" आबा सगळ्यांना सांगत सुटले. "वय झालं तिचं. काहीही बरळते."

"मुनीम," हिलाल नाना माझ्याकडे वळले, "खरं आहे का हे?"

गावातले म्हातारे आपापल्या जोड्यांकडे पाहत होते. त्यांच्यातल्या तिघांना तरी पक्कं ठाऊक होतं, हे मला त्यांच्या मानांवरून कळलं.

"मी या गावचा नाही," मी म्हणालो.

लग्न लागलं. माळ नवरीच्या गळ्यात होती, मग न लागायला काय झालं? दुसरी पंगत मांडव धुऊन बसवली. पहिलीची पानं उकिरड्यावर फेकली, आणि तो उकिरडा आबांच्या वाड्याला लागून, परसदारी. भिलाटीची टोपली आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. वैशाखाचं ऊन, त्यात एकशे बेचाळीस वाट्या रस, दूध, पुरण. दुसऱ्या सकाळी त्यावर बुडबुडे येत होते. कुत्री खाऊन खाऊन तिथेच ओकली आणि ओकलेलं पुन्हा खाल्लं. माश्यांचा आवाज ओसरीपर्यंत यायचा. पाहुणे चहाच्या बशीवर हात धरून चहा पीत होते. तिसऱ्या दिवशी तर ढीग हलतो आहे असं वाटायचं. जवळ जाऊन पाहिलं, तो खरंच हलत होता. पांढऱ्या अळ्या होत्या.

हिलाल नानांनी अत्तराची अख्खी कुपी संपवली. "व्याही," ते नाक धरून म्हणाले, "आधी हे काढा. नाहीतर सुनेला आत्ताच घेऊन निघतो, मुहूर्ताची वाट न बघता."

आबांनी मला भिलाटीत पाठवलं. सुका दोरी वळत बसला होता.

"आबांनी बोलावलंय. उकिरडा उचलायचा आहे."

"आमी उष्टं उचलतस, मुनीमभाऊ," तो दोरीवरून नजर न काढता म्हणाला. "पन ते भरेल पान शेतस. कोनी तोंडच लावं नही. भरेल पानले आमी कसा हात लावूत?"

हिशेब चोख होता.

जमना झोपडीच्या सावलीत भाकरी खात होती, मिरचीच्या ठेच्याबरोबर. मी म्हणालो, "आजी, तुझा मांडा राहिला की."

"मी देखा ना," ती म्हणाली. "अख्खा देखा. हातवर धरा. भलता हलका ऱ्हास, रे. मी समजे, जड व्हई." आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

मी परत गेलो. गावातली दुसरी माणसं उकिरड्याला हात लावेनात. शिवलेली पानं होती ना. भाऊबंद लग्नानं थकले होते. शेवटी भर दुपारी, पाहुणे झोपलेले पाहून, आबा स्वतः तोंडाला धोतराचा सोगा बांधून उकिरड्यात उतरले. हातात खोरं. घोटाभर खाली रुतले, मग पोटरीपर्यंत. पिळदार मिशांवर माश्या. टोपली धरायला मी. नको म्हणायची माझी सवय तोवर गेलीच होती.

एक टोपली भरली, दुसरी भरली. त्या ढिगात वरच, एका पत्रावळीला चिकटून, भिकुबाईचा तो मांडा होता. पिवळा, फुगलेला, अंगठ्याच्या डागावर बुरशी. आबांनी तो खोऱ्यावर घेतला आणि त्यांना उमासा आला. ओकले. कंबर धरून त्या राडीत उभे राहिले. पाय उपसता येईना.

परसामागून भिलाटीची वाट जाते. जमना डोक्यावर घागर घेऊन येत होती. ती थांबली. उकिरड्यात अडकलेल्या त्या पन्नाशीच्या माणसाकडे तिनं थोडा वेळ पाहिलं. रागानं नव्हे. ओळखीचं काहीतरी जुन्या जागी सापडावं, तसं.

"काय रे उखर्डू," ती म्हणाली, "उचलू का?"